समोरच्या भाऊंनी लावलेली रागाची शिकवणी

जगातला राग एखाद्या सकाळी अचानक संपून गेला असता, तर केवढा गोंधळ उडाला असता! रिक्षावाल्यांना बोलायला विषय उरला नसता, सोसायटीच्या सभा पाच मिनिटांत आटोपल्या असत्या, आणि माझ्यासारख्या बाईने तर आता घर चालवायचं कसं, या काळजीने अंथरूणच धरलं असतं. आमच्या समोरच्या भाऊंना मात्र त्या दिवशी काही वेगळं घडलंय याचा पत्ताही लागला नसता. ते नेहमीसारखे गॅलरीत उभे राहून, चहाचा कप दोन्ही हातांत धरून, कारखान्यांच्या वसाहतीतल्या धुराड्यांवरून समुद्राकडे सरकणाऱ्या ढगांकडे बघत राहिले असते. आणि कुणी विचारलंच असतं, तर बराच वेळ थांबून म्हणाले असते, "हवा बरी हाय आज."

बोईसरजवळच्या सरावलीत, आमच्या इमारतीत त्यांचं दार आमच्या दारासमोर, म्हणून ते समोरचे भाऊ. मूळचे वाणगावच्या पलीकडचे, मिरचीच्या वाड्यांमधले. तारापूरच्या वसाहतीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी. उंच, किंचित वाकलेले, शर्टाचं गळ्याशी असलेलं बटणसुद्धा लावलेलं, आणि चेहऱ्यावर आत्ताच झोपेतून उठून काहीतरी छान आठवत असल्यासारखा भाव. त्यांना काहीही विचारा, ते आधी थांबतात. "भाऊ, पाणी आलं का?" इतका साधा प्रश्न. पण भाऊ तो प्रश्न ऐकतात, मनात कुठेतरी नीट ठेवतात, त्याच्याकडे मायेने बघतात आणि मग उत्तर देतात. तोवर पाणी येऊन गेलेलं असतं. सुरुवातीला मला वाटायचं, यांना ऐकू कमी येतं. म्हणून मी ओरडून विचारायची. तरी ते तेवढाच वेळ घ्यायचे. पुढे लक्षात आलं, की हा माणूस मुळात इथे नसतोच. बोलावलं की त्यांना कुठूनतरी लांबून यावं लागतं, आणि येताना ते अजिबात घाई करत नाहीत.

कुणी काही मागावं आणि भाऊंनी ते देऊ नये, असं घडल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. खालच्या मजल्यावर बिहारहून आलेला एक वेल्डर राहतो. "अंकल, दस मिनट के लिए स्कूटर ले जाऊँ?" असं त्याने विचारलं त्याला आता बरेच पावसाळे उलटून गेले. स्कूटर तेव्हापासून कित्येक वर्षं त्याच्याकडेच राहिली, आणि भाऊ चालत कामाला जायचे. एकदा भर पावसात भाऊ रस्त्याच्या कडेने भिजत चालले होते, तर हा पठ्ठ्या त्यांच्याच स्कूटरवरून आला, थांबला आणि म्हणाला, "अंकल, छोड़ दूँ?" भाऊ त्याच्या मागे बसून आले आणि पुढचे आठ दिवस इमारतीत सगळ्यांना सांगत होते, की पोरगा फार मनाचा चांगला हाय, वाट वाकडी करून सोडलं मला. बोईसर स्टेशनवरून शेअर रिक्षाने येताना कुणी बाई चढली की भाऊ सरकतात, आणखी कुणी आलं की पुढे ड्रायव्हरच्या शेजारी अर्धे बाहेर लोंबकळतात, आणि त्यानंतरही कुणी आलं तर उतरून चालू लागतात. "मी कडेलाच होतो, वहिनी. मलाच उतरायला सोपं." क्रेडिट कार्ड विकणाऱ्या मुलींचे फोन येतात, ते आपण सगळे कापतो. भाऊ शेवटपर्यंत ऐकतात आणि मग विचारतात, "जेवलीस का?" त्यातली एक मुलगी अजून फोन करते. कार्डाचा विषय कधीच मागे पडला. आईच्या गुडघ्यांसाठी काय करावं, ते विचारते. मे महिन्याच्या दुपारी लाइट गेली, की आमची अख्खी इमारत वीजवाल्यांचा उद्धार करत गॅलरीत येते. भाऊ आत पंख्याकडे बघत बसलेले असतात. "दमला असेल," म्हणतात.

तर अशा माणसाच्या पदरी एक मुलगी होती. प्राची बालवाडीत असतानाच तिची आई आजारपणात गेली, आणि तिला वाढवायचं काम या स्वप्नातल्या माणसाकडे आलं. त्यांनी ते फार प्रेमाने केलं. वेण्या घातल्या, डबे भरले, शाळेच्या गणवेशाला इस्त्री केली. फक्त एक गोष्ट त्यांना जमली नाही. पोरीला अडवणं. "तुझी इच्छा," हे त्यांचं पोरीशी बोलायचं ठरलेलं वाक्य. भाजी कुठली करू? तुझी इच्छा. शाळेत जायचं नाही म्हणतेस? तुझी इच्छा. सहा-सात वर्षांची प्राची एकदा हट्टाने शाळेला गेली नाही, तर भाऊही रजा टाकून घरी बसले, आणि दोघं दुपारभर गॅलरीत बसून कावळे बघत होते. शेवटी पोरगीच कंटाळून दप्तर घेऊन निघाली. एकदा तिने बाहेरच्या खोलीची भिंत खडूंनी रंगवून काढली. माझ्या घरात असं झालं असतं, तर माझा आवाज वाणगाव स्टेशनापर्यंत ऐकू गेला असता. भाऊंनी पुढल्या दिवाळीत रंगारी बोलावला आणि त्याला सांगितलं, तेवढी भिंत सोडून रंगव. आणखी एकदा तिने रागाने जेवणाचं ताट जमिनीवर भिरकावलं. भाऊंनी मान तिरकी करून ते शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "आवाज गोड हाय गो ताटाचा." मला हे तेव्हा इतकं गमतीचं वाटायचं, की मी पाहुण्यांना रंगवून सांगायची.

आमच्या घरी सगळा उलटा कारभार. माझे यजमान शिफ्टला गेले, की घरात फक्त माझा आवाज राहतो. मला राग येतो, आणि आला की तो मी घरात ठेवत नाही. आमचा तुषार त्या आवाजात वाढला, आणि माझा आवाज जसाच्या तसा उचलून मोठा झाला. बाविसाव्या वर्षापर्यंत त्याने दोन ठिकाणच्या सुपरवायझरांशी भांडण काढलं आणि एका रिक्षावाल्याची कॉलर धरली. पण घरी आला, की आरशासमोर उभा राहून मला विचारायचा, "आई, मी खरंच बिनकामाचा आहे का गं?" आणि मी ओरडून सांगायची, की नाहीयेस! तो मग उठून समोर भाऊंकडे जाऊन बसायचा. तिकडे कुणी त्याला काही विचारत नसे. आणि प्राची, तेव्हा तेवीस वर्षांची, रसायनशास्त्रातली पदवी घेतलेली, वसाहतीतल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये लागलेली, ती माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून, मी तुषारला झापत असताना ऐकत उभी राहायची. आमच्याकडचं तापलेलं पोर तिकडे निवायला जायचं आणि तिकडचं गार पोर इकडे ऊब घ्यायला यायचं. एकदा मी तिला म्हणाले, "तुला काय मिळतं गं माझी कटकट ऐकून?" तर ती हसली आणि म्हणाली, "काकू, तुम्ही चिडता तेव्हा निदान कळतं तरी, की तुमचं लक्ष आहे." मी कांदा चिरत होते. ते वाक्य तेव्हा कानाआड गेलं.

मग अंकलेश्वरची भानगड आली. प्राचीच्या कारखान्याचा दुसरा प्लांट गुजरातेत अंकलेश्वरला, आणि तिथल्या लॅबमध्ये दोन वर्षांसाठी इथून एकाला पाठवायचं ठरलं. जायला कुणी तयार नव्हतं. एकाची आई आजारी, एकाचं लग्न ठरलेलं, एकाला तिथलं पाणी मानवत नाही. साहेबांनी प्राचीकडे बघितलं, आणि प्राची म्हणाली, "चालेल, सर." चालणार तर अजिबात नव्हतं. ती पालघरच्या कॉलेजात एम.एस्सी. करत होती, शेवटचं वर्ष होतं, नोकरी सांभाळून, रडतखडत का होईना तिथवर पोचली होती. अंकलेश्वरला गेली की ते सुटणार, आणि एकदा सुटलेलं पुन्हा कोण धरतं! संध्याकाळी घरी आली ती सरळ मोरीत गेली आणि नळ सोडून रडली. आमच्या इमारतीच्या भिंती पातळ. नळाच्या आवाजातून रडणं वेगळं कळतं. मग ती बाहेर येऊन भाऊंना म्हणाली, "बाबा, काय करू? जाऊ का?" भाऊ थांबले, लांबून आले, आणि म्हणाले, "तुझी इच्छा, पोरी."

दुसऱ्या दिवशी माझी बेल वाजली. दारात भाऊ. हातात चिकूंची पिशवी, वरचं बटण लावलेलं.

"वहिनी, एक काम होतं."

"बोला ना."

ते थांबले. मी भात लावून, कुकर बंद करून परत आले, तरी उभेच. मग म्हणाले, "तुमी फार छान रागावता. आमाला रोज ऐकू येतं. कुठं अडखळणं नाय, मधी श्वास नाय. आमच्या प्राचीला शिकवाल का?"

आयुष्यात माझ्या आवाजाचं असं कौतुक कुणी केलं नव्हतं. मला रागवावं की लाजावं ते कळेना. "अहो भाऊ, राग काय शिकवायची गोष्ट आहे?"

"मला तर येत नाय," ते अगदी सरळपणे म्हणाले. "मला येत असता तर घरीच शिकवला असता. सोमवारपर्यंत तिला साहेबाला नाय म्हणायचंय. ती घाबरते."

म्हणजे हा माणूस अगदीच झोपेत नव्हता तर. नळाचा आवाज त्यांनीही ऐकला होता. मी चिकू ठेवून घेतले आणि त्याच संध्याकाळी शिकवणी सुरू केली.

शिष्या हुशार होती, पण विषयात कच्ची. मी साहेब झाले, खुर्चीत बसले, पायावर पाय टाकला आणि म्हणाले, "प्राची, तुला जायचंय, सामान बांध." ती म्हणाली, "सर, मला थोडी अडचण आहे, पण तुमची फारच गैरसोय होत असेल तर…" मी हात जोडले. म्हटलं, माझं बघ. आणि मी अशी काही गर्जना केली, की खालचा वेल्डर धावत वर आला, "क्या हुआ भाभी?" तेव्हा मला सुचलं, याच्यावरच सराव करावा. "प्राची, माग याच्याकडे स्कूटरची चावी." प्राची पुढे झाली, तोंड उघडलं, आणि तिच्या तोंडून निघालं, "भैया, हेल्मेट भी चाहिए क्या?" वेल्डर खूश होऊन हेल्मेट घेऊन गेला. भाऊ कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून सगळं बघत होते, आणि पोरीने तोंड उघडलं म्हणून टाळ्या वाजवत होते.

मी वैतागून त्यांच्यावरच घसरले. "भाऊ, तुम्हाला जन्मात एकदाही राग आला नाही?"

ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर संध्याकाळ होत होती, धुराड्यांच्या मागे आभाळ केशरी झालं होतं आणि पश्चिमेकडून, समुद्रकाठच्या दांडी गावातून, सुकत्या मासळीचा बारीक वास येत होता. मग ते हसत हसत सांगायला लागले, जसं काही दुसऱ्याच कुणा मुलाची गोष्ट आहे. "आला होता ना, लहानपणी. बापाला उलटा बोललो. जत्रेला जायचं होतं, तो नाय म्हणाला. तो सगळ्यालाच नाय म्हणायचा, मी त्याचं मनगट बघितलं की गप बसायचो. त्या दिवशी नाय बसलो. मग त्याने मिरचीच्या खोलीत कोंडलं. सुकी मिरची, छपरापर्यंत. दुपारभर शिंकत होतो आत. शिंकून शिंकून राग जो बाहेर पडला, तो पुन्हा आलाच नाय." आणि थोड्या वेळाने म्हणाले, "तवाच ठरवलं होतं. आपल्या पोराला कधी नाय म्हणायचं नाय." हे सांगताना त्यांचा चेहरा इतका प्रसन्न होता, की मी उठून उगीचच चहाचं आधण ठेवलं. प्राची जमिनीकडे बघत होती. तिने ही गोष्ट पहिल्यांदाच ऐकली असावी.

माझ्याकडून काही होत नाही हे दिसल्यावर, मी तिला माझ्यापेक्षा मोठ्या गुरूकडे न्यायचं ठरवलं. दांडीची एक मावशी मला लग्न झाल्यापासून मासळी आणून देते. तिच्याशी भावावरून घासाघीस करताना मी आजवर एकदाही जिंकलेली नाही, यावरून तिची योग्यता कळावी. रविवारी सकाळी मी, प्राची आणि भाऊ असे तिघं रिक्षाने दांडीला गेलो. थंडीचे दिवस होते, ऊन कोवळं होतं, समुद्र मागे हटून लांब कुठेतरी चमकत होता. किनाऱ्यावर बांबूंच्या उंच मांडवांना दोऱ्या बांधलेल्या, आणि त्यांवर बोंबील सुकत घातलेले, दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून, ओळीने, नजर जाईल तिथवर. वाऱ्यावर ते सगळे मिळून हळूहळू हलत होते. भाऊ तिथेच थबकले. "झोपल्यासारखे वाटतात," म्हणाले, आणि त्या ओळींमधून डोळे अर्धे मिटून असे चालायला लागले, की मला त्यांना बाहीला धरून आणावं लागलं.

मावशीला मी सगळं सांगितलं. तिने प्राचीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, सुक्या बोंबलांचे वाटे लावलेल्या फळीमागे तिला बसवलं आणि म्हणाली, "हे बघ पोरी. बोंबील तुजा, भाव तुजा. गिऱ्हाईक रुसला तं रुसू दे. तो काय तुजा नवरा नाय." पहिल्या गिऱ्हाइकाने अर्ध्या भावात मागितले, प्राचीने दिले, वर चार जास्त दिले. मावशीने कपाळावर हात मारला. दुसरं गिऱ्हाईक, तीच गत. "अगो, मी काय अन्नछत्र उघडलंय?" मावशी कडाडली. मग बोईसरहून आलेली एक बाई उभी राहिली. सोन्याच्या बांगड्या, हातात पिशवी, आवाजात जरब. तिने वाटा उचलून पिशवीत टाकला आणि भाव न विचारताच स्वतःच्या मनाने पैसे फळीवर ठेवले. "एवढेच देणार," म्हणाली.

प्राचीने त्या पैशांकडे बघितलं. तिचे कान लाल झाले. आणि मग, मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, ती म्हणाली, "नाही. एवढ्यात नाही देणार."

आवाज बारीक होता, थरथरत होता, पण होता. मावशीने माझा हात दाबला. बाई क्षणभर गोंधळली, पिशवीत हात घालून वाटा परत काढायला लागली. आणि नेमके त्याच वेळी मागे उभे असलेले आमचे भाऊ त्यांच्या सगळ्यात गोड आवाजात म्हणाले, "असू दे, बाई. घेऊन जा तुमी."

बाई वाटा घेऊन निघून गेली. प्राची उठून उभी राहिली.

"बाबा! मी नाही म्हटलं होतं!" पुढच्या मांडवावरच्या बायका काम थांबवून बघायला लागल्या. "ऐकलंत का तुम्ही? मी आत्ता नाही म्हटलं होतं! पहिल्यांदा! तुम्हाला तेही ऐकू आलं नाही?"

भाऊ थांबले, त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने. पण आता तिला थांबायचं नव्हतं.

"मी भिंत रंगवली, तुम्ही रंगाऱ्याला सांगितलंत तेवढी सोडून रंगव. ताट फेकलं, तर म्हणालात आवाज गोड आहे. दहावीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी मी अभ्यास सोडून जिन्यात जाऊन बसले होते, मुद्दाम. वाटलं, आता तरी येऊन ओरडाल. तुम्ही आलात आणि मला चादर दिलीत, पायांना गार लागतंय म्हणून! काकूंचा तुषार रोज बोलणी खातो, आणि मी काकूंच्या ओट्यापाशी उभी राहून ती ऐकते, माझीच आहेत असं समजून. तुम्हाला माहितीये मला काय वाटायचं? मला वाटायचं, माझ्यावर रागवायचे कष्टसुद्धा कुणी घ्यावेत, एवढीही माझी किंमत नाही. मग मी साहेबाला कुठल्या तोंडाने नाही म्हणू?"

मावशी हलक्या आवाजात म्हणाली, "बोल पोरी, बोल. रिकामी हो." पण प्राचीचं बोलून झालं होतं. ती फळीमागे खाली बसली आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडायला लागली. इथे मोरीचा नळ नव्हता.

भाऊंचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ते पहिल्यांदाच पूर्णपणे तिथे होते, लांब कुठे गेलेले नव्हते. मला वाटलं, आता हे तिच्यापाशी जातील, डोक्यावरून हात फिरवतील आणि तेच ते दोन शब्द म्हणतील. तसं झालं नाही. ते वळले आणि उलट्या दिशेने चालू लागले. मग भरभर चालू लागले. मग आमचे समोरचे भाऊ धावले. वाळूत चपला रुतत होत्या, त्या त्यांनी तिथेच टाकल्या, बोंबलांच्या दोऱ्यांखालून वाकत, सुकवलेल्या जाळ्यांवरून उड्या मारत ते रस्त्याकडे धावले. "हा मानूस धावतो पन?" मावशी म्हणाली. मी त्यांच्या मागे गेले, मला दम लागला तरी गेले, कारण पुढे काय होणार ते बघितल्याशिवाय मला राहवलं नसतं.

बांगड्यांवाली बाई रिक्षात बसत होती. भाऊंनी रिक्षाची दांडी धरली. धापा टाकत म्हणाले, "बाई, ते बोंबील परत द्या."

"अहो, तुम्हीच तर दिलेत!"

"मी दिले, ते चुकलं. माझ्या पोरीने नाय सांगितलंय."

"दिलेलं परत घेतात होय?"

"घेतो," भाऊ म्हणाले. त्यांचा आवाज फुटला होता, नाक लाल झालं होतं, पण हात रिक्षाच्या दांडीवर घट्ट होता. "माझी पोर नाय म्हणाली, म्हणजे नाय."

बाईने पुटपुटत वाटा काढून दिला. भाऊंनी स्वतःच्या खिशातून तिचे पैसे परत केले आणि ते सुके बोंबील दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून, अनवाणी, किनाऱ्यावरून परत आले. प्राचीसमोर फळीवर त्यांनी ते ठेवले. तिने डोळे पुसून बघितलं, आधी बोंबलांकडे, मग त्यांच्या वाळूने भरलेल्या पायांकडे, आणि रडतानाच तिला हसू फुटलं. मावशीने त्या दिवशी मला मासळीचा भाव कमी लावला. असा चमत्कार पुन्हा झालेला नाही.

सोमवारी प्राची साहेबांना नाही म्हणाली. संध्याकाळी धापा टाकत जिना चढून आली, ती सरळ माझ्या ओट्यापाशी. "काकू, मी म्हटलं, सर, माझीपण अडचण आहे, मी जाणार नाही. डोळे मिटून, एका दमात म्हटलं." "मग? काय म्हणाले?" "बरं म्हणाले. आणि दुसऱ्याला विचारायला गेले." ती ओट्याला टेकली. "काकू, एवढंच असतं?" तिची थोडी निराशाच झाली होती. पुढचा महिनाभर मग तिने नाही म्हणायचा असा काही सपाटा लावला, की दूधवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळे बिचकून होते. वेल्डरसमोर तर तिने नुसता हात पुढे केला. "भैया, चाबी." त्याने लगेच दिली. म्हणाला, "दीदी, आप लोगों ने कभी माँगी ही नहीं." तेव्हापासून भाऊ स्कूटर पुसून, झाकून ठेवतात आणि चालतच कामाला जातात, कारण त्यांना चालताना ढग दिसतात.

एम.एस्सी. झाली. मागच्या जूनमध्ये तिला हैदराबादला नोकरी लागली, एका मोठ्या प्रयोगशाळेत, तिने स्वतः शोधलेली, स्वतः हवी असलेली. यावेळी रडणं नव्हतं, कुणी पाठवत नव्हतं, ती निघाली होती. दुपारी खाली रिक्षा उभी राहिली. तुषार बॅगा घेऊन उतरला. तोही आता एका ठिकाणी टिकला आहे आणि गेल्या वर्षभरात त्याने कुणाची कॉलर धरलेली माझ्या कानावर नाही. मी डब्यात थालीपीठं भरून दिली, वर चार सूचना ओरडून दिल्या. प्राचीने वाकून भाऊंना नमस्कार केला, सरळ झाली, आणि सवयीने विचारलं, "जाऊ का, बाबा?"

आम्हाला सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं. माझ्या तर ओठांवर आलं होतं ते. भाऊ थांबले. जिन्यात माशी घोंघावत होती, खाली रिक्षावाला हॉर्न देत होता. ते थांबले होते, पण कुठे लांब गेले नव्हते. तिच्याकडेच बघत होते.

"नको," भाऊ म्हणाले.

प्राचीच्या हातातली पर्स खाली पडली. "काय?"

"नको जाऊ, पोरी."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता हिचं जाणं राहिलं, आता ही दार लावून आत बसेल. तिने पुढे होऊन त्यांना घट्ट मिठी मारली, तेवीस वर्षांची असताना दांडीच्या किनाऱ्यावर रडली होती तशी रडली, आणि डोळे पुसून म्हणाली, "पण मी जाणार आहे, बाबा." "हं," भाऊ म्हणाले. ती जिना उतरून गेली. रिक्षा वळेपर्यंत मागे बघून हात हलवत होती, आणि रडत असूनही मी तिला इतकी खूश कधी पाहिली नव्हती.

आम्ही दोघं गॅलरीत उभे राहिलो. मला आतून भरून आलं होतं, आणि भरून आलं की मला राग येतो, त्यामुळे मी भाऊंवर खेकसले, "ती जाणार हे तुम्हाला माहीत होतं, तिकीट तुम्हीच काढून आणलंत. मग निघताना नको म्हणालात कशाला?"

ते थांबले. मी यावेळी घाई केली नाही.

"परक्या गावी चाललीय, वहिनी," ते म्हणाले. "घरातनं कुणीतरी नको जाऊ म्हणालं होतं, एवढं तरी तिच्याबरोबर असायला पायजे ना."